सतरा नंबरचं मडकं

६ जुलै २०२५, रविवार

पोचलो एकदाचे! नागपूरची गाडी चक्क वेळेवर आली, टेम्पोवाल्याने न भांडता सामान उतरवलं आणि कपाटाचा आरसा अखंड राहिला. बदलीच्या संसारात एवढं पुष्कळ झालं. आर. के. पुरमचं हे क्वार्टर तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे जाळीचा व्हरांडा, पुढे टीचभर अंगण आणि अंगणाच्या कडेला पत्र्याच्या दाराचं स्कूटर गॅरेज. आमच्याकडे स्कूटर नाही, त्यामुळे गॅरेज हे फुकटचं वैभव. इमारत पुढच्या वर्षी पाडणार आहेत. आठांपैकी सहा घरं रिकामी झाली आहेत, म्हणूनच नव्या माणसाला क्वार्टर इतक्या लवकर मिळालं. पुढच्या दाराला आतून हातभर लांब लोखंडी कडी आहे. ती सरकवायला मला दोन्ही हात आणि थोडा राग लागतो. बाकी प्रत्येक दार-खिडकीला बोटभर फटी आहेत. बाबांच्या मते घर हवेशीर आहे.

बाबा म्हणजे दादाराव, वय एकाहत्तर, पुलगावच्या शाळेतले निवृत्त विज्ञान शिक्षक. आई गेल्यापासून ते माझ्याजवळ असतात. माझा भाऊ सुगत म्हणत होता की त्यांना नागपुरातच राहू दे, दिल्लीत दिवसभर एकटे पडतील. मी ऐकलं नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर, त्यांना काही झालं तर जबाबदारी माझी, असं बोलून बसले आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी नोंद करते: बाबांचं बीपी उत्तम, भूक उत्तम, जीभ जांभळी. समोरच्या झाडाखालची जांभळं वेचून खाल्ली आहेत, तीही न धुता.

वर सुनीती आणि जयंत राहतात. ती शाळेत शिकवते, तो कंपनीच्या बसने मानेसरला जातो. सुनीतीने राजमा-चावल आणून दिला. तिचा जन्म दिल्लीतलाच, त्यामुळे मराठी अर्धी हिंदीत बुडालेली. म्हणाली, "अच्छा झालं यार, तुम्ही आलात. दिवसा इथे बिल्कुल सुनसान असतं. माझा शेरू पण बोअर होतो." शेरू म्हणजे जिन्याखाली साखळीला बांधलेला त्यांचा दणकट कुत्रा. बाबांशी त्याची पाच मिनिटांत दोस्ती झाली.

१० जुलै, गुरुवार

आषाढ पौर्णिमा. आजपासून वर्षावास. सकाळी दोघांनी पांढरे कपडे घालून वंदना घेतली, खीर केली. बाबा दरवर्षी या तीन महिन्यांसाठी एक संकल्प करतात. गेल्या वर्षी चहा सोडला होता आणि घर डोक्यावर घेतलं होतं. यंदा त्यांनी पहिलं शील अगदी काटेकोर पाळायचं ठरवलं: अश्विन पौर्णिमेपर्यंत एकाही जिवाला मारायचं नाही आणि कुणाचं घरटंही मोडायचं नाही. मलाही सामील करून घेतलं. मी हो म्हटलं आणि त्यांनी तत्काळ डासांचं मशीन भिंतीतून उपटलं. आता मच्छरदाणी आणावी लागणार. आधी विचारायला हवं होतं.

१३ जुलै, रविवार

बाबांना दिल्लीत मैत्रीण मिळाली. मागच्या व्हरांड्यात कुंभारीण माशीने घर बांधायला घेतलंय. सुपारीएवढं मडकं, त्याला नीट वळवलेला काठ. बाबा खुर्ची टाकून समोर बसले आहेत, हातात वही, कानामागे पेन्सिल. प्रत्येक मडक्याशेजारी खडूने नंबर आणि तारीख. शाळा सुटली, खडू सुटला नाही.

मलाही तास घ्यावा लागला. सुगरण पक्षी खोप्यात आत-बाहेर जायला लांब बोगदा विणतो. वाळवीचं वारूळ आतून थंड राहतं, कारण त्यात हवेचे रस्ते आखलेले असतात. पण बाबांची लाडकी कुंभारीण. ती जबड्यात मावेल एवढी माती एकेक गोळी करून आणते, मडकं घडवते, मग अळी किंवा कोळी शोधून नांगी मारते. मारून टाकत नाही, फक्त हलू देत नाही. भक्ष्य जिवंत, शुद्धीवर, गप्प. त्याच्यावर अंडं घालायचं आणि तोंड मातीने लिंपायचं. पिल्लू बाहेर आलं की ताजं अन्न समोर. काही जाती तर कोळी मडक्यात मावेना की त्याचे पाय तोडून टाकतात. पिल्लू आधी बिनमहत्त्वाचं खातं, काळीज शेवटी, म्हणजे अन्न लवकर मरत नाही. बाबा हे सगळं कौतुकाने सांगत होते. फ्रीजशिवाय एवढी सोय कुणी केली आहे, म्हणाले. माझ्या हातात पोह्यांची बशी होती, ती मी खाली ठेवली.

२२ जुलै, मंगळवार

मडकी अकरा झाली. नववं नारळाएवढं आहे. बाबांच्या मते बऱ्याच माश्या मिळून बांधत असाव्यात, असं त्यांनी कुठे वाचलेलं नाही, आणि म्हणूनच ते हवेत आहेत. मला अजून एकही माशी दिसलेली नाही. मी नऊला निघते, पावणेसातला येते, आणि ही बाई काम करते साडेनऊ ते सहा. आमच्या मंत्रालयात कुणी इतकं वेळेवर नसतं.

एक फायदा मात्र झाला. खिडक्यांच्या फटी तिने बुजवून टाकल्या आहेत. अगदी सफाईने, गोळीशेजारी गोळी. दोन्ही खोल्यांत आता डास नाहीत. मी मनापासून आभार मानले.

२८ जुलै, सोमवार

आज ऑफिसात बाबांचा फोन. मी न्हाणीघराच्या गळतीची तक्रार केली होती, म्हणून कॉलनीचा मिस्त्री बलबीर आला होता. गॅरेजमध्ये नळाचा कॉक बघायला गेला, आणि तिथलं मडकं पाहून सब्बल म्हणजे पहार घेऊन तोडायलाच निघाला. बाबा आडवे आले. मला फोनवर घेतलं. बलबीर हिंदीत सांगत होता की मॅडम, ये ततैया का, म्हणजे गांधीलमाशीचं, काम नहीं है, तोड़ने दीजिए, त्याने याआधीच्या साहेबांच्या वेळीही असलं पाहिलं होतं, ते साहेब एक दिवस घर तसंच सोडून गायब झाले. मी मीटिंगच्या दारात उभी होते. बाबांचा संकल्प आठवला, त्यांचा चेहरा आठवला. म्हटलं, रहने दीजिए भैया, ऑक्टोबरनंतर बघू.

संध्याकाळी जाऊन ते मडकं पाहिलं. नंबर चौदा. माझ्या कमरेला लागतं. बाबा म्हणाले, निरीक्षणात मन शांत ठेवायचं असतं. माझं राहिलं नाही. पण मोडायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं, आणि मी त्यांच्याशी भांडले नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

शेरू गुरुवारपासून नाही. सुनीती रडून रडून सुजली आहे. पोस्टर लावली, गल्ल्या पालथ्या घातल्या. आज सुट्टी, म्हणून मी जिन्याखाली नीट पाहिलं. साखळी आहे. पट्टा साखळीलाच आहे, बंद बकलासकट, आणि त्याच्या आतल्या बाजूला केस, कातडं आणि वाळलेलं रक्त. इतका मोठा कुत्रा त्यातून ओढून काढलाय. तिथून मातीत एक रुंद घसरट जाते, अंगणातून, गॅरेजपर्यंत.

चौदाव्याचं तोंड लिंपलेलं आहे. शेजारी पंधरावं आणि सोळावं सुरू.

सुनीतीला सांगितलं नाही. काय सांगणार? बाबांना सांगितलं. त्यांनी वहीतलं चौदाव्याचं पान काढलं. मग म्हणाले, आपण चुकलो तर नाही ना बेटा? मी म्हटलं, सोमवारी बलबीरला बोलावते. ते म्हणाले, दोन दिवस थांब, मला आधी स्वतः बघू दे ती कोण आहे ते. मी थांबले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

६ ऑगस्ट, बुधवार. हॉस्पिटल

पावणेसातला दार उघडलं तर बाबा व्हरांड्यात पडलेले. खुर्ची आडवी, वही पोटाखाली. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होते. बाकी काही हलत नव्हतं, ओठसुद्धा नाही.

डॉक्टर अर्धांगवायू म्हणतात. दोन्ही बाजूंचा. स्कॅनमध्ये काही नाही. उजव्या कानाखाली पेन्सिल जाईल एवढं भोक आहे, कडा काळ्या. मी तीनदा दाखवलं. गळू फुटलं असेल म्हणाले.

सुगतला फोन केला. त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट, सोमवार

बाबांना घरी आणलं. इथे ठेवून उपयोग नाही, घरी सेवा करा, असं सांगितलं. नळीने पाणी, नळीने पेज. मी रजा टाकली आहे. सुगत गुरुवारी येतोय. तो आला की त्यांना नागपूरला नेणार, एक दिवसही जास्त ठेवणार नाही. फक्त तीन दिवस सांभाळायचे आहेत.

पापणी एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं आम्ही ठरवलं आहे. दुखतंय का विचारलं. एकदा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

त्यांची वही आज उघडली. शेवटचं पान सहा तारखेचं. अक्षर नेहमीसारखं, ओळ सरळ:

"दुपारी अडीच. ती आली. एकटीच आहे. घारीएवढी. आजवर घारच समजत होतो. कंबर दोऱ्यासारखी, पाय पिवळे. मला भ्यायली नाही. आधी दाराची उंची मिशांनी मोजली, मग माझी."

त्याखाली आकृती. मला आधी कळेना. मग कळलं की हा आमच्या क्वार्टरचा नकाशा आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा. बुजवलेली प्रत्येक फट पेन्सिलीने काळी केलेली. पुढचं दार तेवढं पांढरं, आणि स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याचं रिकामं भोक. वर खडूने नव्हे, पेन्सिलीने लिहिलंय: नंबर सतरा?

मी उठून सगळ्या खिडक्या तपासल्या. एकही उघडत नाही. माती सिमेंटसारखी झाली आहे. मागचं दारही नाही. डास येत नाहीत म्हणून मी आभार मानले होते.

बलबीरला फोन केला. त्याने एकही टोमणा मारला नाही. उद्या अकरा बजे पक्का, म्हणाला.

दोन दिवस. आजच निघायला हवं होतं. हॉटेल, सुनीतीचं घर, कुठेही. पण सुनीतीचं कुटुंब कालच गुरुग्रामला तिच्या बहिणीकडे गेलं, शेरूशिवाय तिला इथे राहवत नाही. आणि बाबांना मी एकटी उचलू शकत नाही. उचलून पाहिलं. दोनदा.

१३ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ११.४०

बलबीर आला. सब्बल आणि हातोडा घेऊन. हातोडा माझ्याजवळ ठेवला, म्हणाला, आप बाऊजी के पास बैठिए. मग तो पुढच्या दाराने अंगणात गेला. पत्र्याचं दार वाजलं. दोन घाव ऐकले. मग काही नाही.

वीस मिनिटं झाली. हाक मारली. फोन लावते आहे. वाजतोय. इथून ऐकू येतोय. पण आवाज कशाच्या तरी आतून —

१२.१०

गेले. हातोडा घेऊन गेले. लिहून ठेवते, कारण मी बोलले तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

गॅरेजच्या दारात त्याचे पाय होते. बुटांसकट. गुडघ्यापासून खाली. मडकं लहान पडलं.

पंधराव्याची माती ओली होती. फोन आत वाजत होता. मी फोडलं. चार घाव. बलबीर दुमडून बसवलेला. जखमांवर माती थापलेली, रक्त थांबावं म्हणून. शुद्धीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला ओढायला गेले आणि तो माझ्या हातात —

गेला. डोळे स्थिर झाले. मी सोडलं म्हणून नाही. मी सोडलं नव्हतं.

चौदावंही फोडलं. का फोडलं? शेरू होता. वरून शेरू, आत सगळं पोकळ, आणि त्यात माझ्या मांडीएवढी पांढरी अळी. शेरूचं काळीज चालू होतं. मला दिसत होतं. त्याने शेपटीचं टोक हलवलं.

आधी शेरूला मारलं, एका घावात. मग अळीला. मोजले नाहीत. ती फुटल्यावरही मारत होते. मी ओरडत होते की काय कोण जाणे, गळा दुखतोय. संकल्प मोडला. मला काडीचंही वाईट वाटत नाही.

१२.२५

पोलिसांना, अँब्युलन्सला फोन झाला. पाऊण तास लागेल म्हणाले. गॅरेजचं पत्र्याचं दार ओढून घेतलं आणि पुढचं दार लावलं. कडी घातली, दोन्ही हातांनी, अंग टाकून. पंख्याच्या भोकावर पोळपाट आणि त्याला टेकून शेगडीचा सिलिंडर.

बाबांना सगळं सांगितलं. मोडलं म्हणून रागावलात? पापणी दोनदा. नाही. मग डोळ्यांतून पाणी. पुसलं.

१२.४०

वरच्या मजल्यावर. नाही, भिंतीवर. चालतेय. मग पंखांचा आवाज, मिक्सर लावल्यासारखा.

पुढच्या दाराशी थप. थप. थप. ओलं. एकेक गोळी.

ती आम्हाला बाहेरून —

पोळपाट पडला. दार लिंपणारी बाहेर आहे, मग आत कोण —

१२.५५

बाहेर कुणी नव्हतं. तीच होती. दार अर्धं सोडून भोकातून आली. केवढी. पंख भिंतीला घासत होते. सरळ बाबांकडे गेली. त्यांच्या छातीवर उतरली, मिशांनी चाचपलं, पोट वाकवलं.

मी मारलं. पंख तुटला. वळली. मान — माझ्या मानेत गरम सळई. मी मारतच राहिले. कंबर तुटली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. डोकं तरी चावत होतं. त्याच्यावर उभी राहिले.

मेली.

बाबा, मेली ती.

१.०५

पाय गेले. पलंगाजवळ बसलेय, उठता येत नाही. दुखत नाही. फक्त नाहीत.

डावा हात गेला. उजवा आहे.

बाबांच्या काखेत अंडं. तांदळाएवढं नाही, अंगठ्याएवढं. आत हलतंय. आजचं नाही. सहा तारखेचं. हॉस्पिटलात, रोज अंग पुसताना मी — मी काख पुसली नाही. हात वर होत नव्हता त्यांचा. मी जोर केला नाही.

दार बारा पावलं. सरपटत गेले तर कडीला दोन हात लागतात. माझ्याकडे एक. तोही किती वेळ.

काख हातभर लांब.

१.१०

चिरडलं. नखांनी. त्याला दात होते. बाबांच्या कातडीत रुतलेले, एकेक काढले. रक्त आलं. येऊ दे. आता तुमच्या अंगावर काही नाही बाबा. सुगत उद्या येईल. जबाबदारी माझी म्हटलं होतं ना मी.

पापणी. दोनदा. परत दोनदा. नाही काय? काय नाही?

माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्याच्या मागे. पाठीवर. तिथे काहीतरी ओलं आहे. थंड. हात पोचत नाही

बेल वाजली

आले. लोक आले. हिंदीत बोलताहेत. पता तो यही है, पर दरवाज़े पर ये मिट्टी कैसी. कुणीतरी म्हणतंय, मकान खाली है, कोई नहीं रहता, इमारत टूटने वाली है. ओरडायचंय. तोंड नाही

बाबा बघताहेत. पाठीवरचं हललं

बेल परत. कोई है? कोई है अंदर?

आहे. कडी मी लाव— तुम्ही जाऊ नका, आम्ही आत आ